एफएसबी २६६, रॅम ८००: हरभट रोडवरच्या डीटीपी मशीनचं प्रकरण

सांगलीत हरभट रोडच्या बाजूला एका ताईंचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावती पुस्तकं, सोसायटीचे अहवाल असली कामं. मी विश्रामबागेत कॉम्प्युटर रिपेरिंग करतो आणि हे मशीन माझ्याकडे दहा-अकरा वर्षं येतंय, त्यामुळं त्यात कधी काय बदललं ते मला तोंडपाठ आहे. पेंटियम ड्युअल कोअर ई५२००, जी३१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन स्टिक, विंडोज एक्सपी, कोरल १२ आणि फोटोशॉप ७. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हाच सीपीयू ताईंनी आधी माळ्यावर आणि मग वरच्या मजल्यावर नेऊन वाचवला होता, खाली दुकानातलं फर्निचर सगळं गेलं पण मशीन राहिलं.

नवीन मशीन घ्या असं सांगणं सोपं असतं पण इथं अडचण खरी आहे. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक जुन्या प्रिंटर पोर्टला लागणारं, म्हणजे ती पंचवीस पिनांची एलपीटी, आणि बारा-तेरा वर्षांचं सगळं मॅटर त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, युनिकोड नाही. नवीन बोर्डावर ते पोर्ट सहसा नसतं, यूएसबीच्या कन्व्हर्टरवर ते लॉक ओळखत नाही, आणि समजा नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी जुनी पत्रिका उघडून नावं बदलून देणं हा जो ताईंचा रोजचा धंदा आहे तो बसला. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला म्हणून नेटची केबल मी तेव्हाच काढून टाकली, फाइली पेनड्राइव्हनं दुसऱ्या लॅपटॉपवर जातात. तर मशीन हेच ठेवायचं आणि लग्नसराईत जरा पळायला पाहिजे एवढीच त्यांची मागणी होती, कारण मोठ्या अहवालाची पीडीएफ करायला घेतली की गिऱ्हाईक समोर बसून घड्याळ बघतंय.

फेब्रुवारीत मी ते ओव्हरक्लॉक करून दिलं, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवला. आणि नवव्या दिवशी ताईंचा फोन आला.

"दादा, ती झिप फाइल सुटंना झालीय ओ, सीआरसी एरर दाखवतंय, म्हणजे आतला डेटा जुळत नाही म्हणतंय, आणि परत दाबलं की सुटतीय."

हे परत दाबलं की सुटतीय ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. फाइल खराब असती तर दर वेळी त्याच ठिकाणी अडली असती, हार्डडिस्क गेली असती तर कॉपी करताना अडकली असती, आवाज आला असता. एकदा चूक आणि एकदा बरोबर म्हणजे डिस्कवरचा माल ठीक आहे आणि मधे रॅममधून जाताना बिट बदलतायत. संध्याकाळी दुकानात गेलो तर अजून दोन गोष्टी कळल्या. एका कोरल फाइलला करप्ट म्हणून मेसेज येत होता, आणि आदल्या दिवशी फ्लेक्सवाल्याला पाठवलेल्या टिफमध्ये फोटोवर आडवी हिरवी-गुलाबी रेघ आली होती, दहा बाय आठचा फ्लेक्स छापून झाल्यावर ती दिसली आणि तो खर्च ताईंनी स्वतःच्या खिशातून दिला होता. मला सांगितलंही नव्हतं, त्यांना वाटलं त्यांच्याच हातून स्कॅनिंगला काहीतरी चुकलं. हे मला फार लागलं, कारण चूक माझी होती आणि ती मी त्यांना तिथंच सांगितली, फ्लेक्सचे पैसेही दिले.

आता फेब्रुवारीत मी काय केलं होतं ते नीट सांगतो कारण सगळी गोम तिथंच आहे.

ई५२०० हा २००८ चा प्रोसेसर, २.५ गिगाहर्ट्झ, ४५ नॅनोमीटर, २ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी मेमरी. खोक्यावर एफएसबी, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणाऱ्या बसचा वेग, ८०० लिहिलेला असतो पण बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पानावर) आकडा २०० दिसतो कारण बस एका ठोक्यात चार वेळा डेटा पाठवते, २०० चौक ८००. प्रोसेसरचा मल्टिप्लायर १२.५, म्हणून २०० गुणिले १२.५ बरोबर २५००. हा मल्टिप्लायर वर जात नाही, लॉक आहे, खाली मात्र ६ पर्यंत येतो. म्हणजे वेग वाढवायचा तर बसच वाढवायला लागते, आणि बस वाढवली की तिच्यावर लटकलेलं सगळंच वाढतं, रॅमसुद्धा. त्या बोर्डावर रॅमचा वेगळा मल्टिप्लायर आहे, तो ४.०० वर होता, २०० गुणिले ४ बरोबर ८००, म्हणून डीडीआर२ ८०० च्या स्टिक अगदी त्यांच्या हक्काच्या वेगानं चालत होत्या.

मी बस २४० केली. २४० गुणिले १२.५ बरोबर ३०००, गोल आकडा, बघायला छान वाटतो. रॅमचा मल्टिप्लायर तसाच ४ वर राहिला आणि खाली ओळीत मेमरी फ्रिक्वेन्सी ९६० दिसत होती. ती ओळ मी बघितली होती. पण माझ्या डोक्यात असं होतं की चांगल्या कंपनीची डीडीआर२ ८०० थोडं व्होल्टेज दिलं की वर जाते, अशा कितीतरी मी चालवल्यात, म्हणून रॅमला पॉइंट एक व्होल्ट वाढवून १.८ चं १.९ केलं, मशीन चालू झालं, विंडोज आलं, प्राइम९५ या गणितं करायला लावून मशीन दमवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्मॉल एफएफटी हा टेस्ट दोन तास चालवला, एकही एरर नाही, टेम्परेचर ६२, आणि मी मशीन देऊन टाकलं.

स्मॉल एफएफटी हा टेस्ट प्रोसेसरला फार तापवतो हे खरं, पण तो एवढ्या छोट्या आकड्यांच्या गठ्ठ्यावर काम करतो की सगळं गणित प्रोसेसरच्या कॅशमध्येच बसतं आणि रॅमला तो जवळजवळ हातच लावत नाही. म्हणजे मी दोन तास जी परीक्षा घेतली ती प्रोसेसरची होती, तो पास झाला, आणि ज्याच्यावर मी वीस टक्के जास्त ओझं टाकलं होतं त्या रॅमची परीक्षा मी घेतलीच नव्हती. मशीन चालू होणं आणि मशीन बरोबर चालणं यात केवढं अंतर आहे ते असल्या कामात कळतं, कारण प्रोसेसर चुकला की बहुतेक वेळा निदान हँग होतो, निळा स्क्रीन येतो, काहीतरी ओरडून सांगतो. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये चूक पकडायची सोय नसते, तिथं बिट बदललं की बदललं, फाइल सेव्ह होते, वर बॅकअपपण त्याच चुकलेल्या फाइलचा होतो.

मशीन माझ्या दुकानात आणलं. उघडायच्या आधी खात्री करून घेतली. दीड जीबीचा एक जुना व्हिडिओ घेतला, त्याच डिस्कवर त्याची पाच वेळा कॉपी केली आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी स्लॅश बी देऊन प्रत्येक कॉपी मूळ फाइलशी ताडून बघितली. पाचातल्या दोन कॉपी वेगळ्या निघाल्या, एकीत तीन बाइट, दुसरीत एकच. दीड जीबीत एक बाइट! असं मशीन आठ-नऊ दिवस एका बाईच्या पोटापाण्याच्या फाइली लिहीत होतं. सगळ्यात आधी डिस्क काढून माझ्या मशीनला जोडून पूर्ण कॉपी काढली, आणि त्या नऊ दिवसांत सेव्ह झालेल्या फाइलींची यादी तारखेवरून वेगळी केली. त्यात सदतीस फाइली होत्या. त्या एकेक उघडून बघायचं काम नंतर ताईंनी आणि मी मिळून केलं, चार परत कराव्या लागल्या.

मग मेमटेस्ट८६ प्लस, म्हणजे फक्त रॅम तपासणारं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरून बूट केलं, सेटिंग तशीच, बस २४० आणि रॅम ९६०. टेस्ट ५ ला, जो ब्लॉक मूव्हचा आहे, लाल ओळी सुरू झाल्या, पंधरा मिनिटंपण लागली नाहीत. आता दोन्ही स्टिक एकेक करून लावल्या. पहिली रात्रभर चालली, एकही एरर नाही. दुसरी लावली, परत लाल. म्हणजे एक स्टिक ९६० झेपवत होती आणि एक नाही. (दोन्हीचे सोनेरी पट्टे रबरनं घासून, स्लॉट ब्लोअरनं साफ करून मगच हे केलं, पुरानंतर वरच्या मजल्यावरही ओल खूप दिवस होती आणि काळे पडलेले पट्टे असले की हेच लक्षण दिसतं, त्यामुळं ते आधी मिटवायला लागतं.)

सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे एसपीडीचा टॅब असतो, तिथं स्टिकवर कारखान्यात काय लिहून ठेवलंय ते दिसतं. चांगल्या स्टिकवर ८०० ला ५-५-५-१८. दुसरी मीच कधीतरी नंतर वाढवली होती, ती ८०० ला ६-६-६-१८. बोर्ड दोन्हींना चालेल असं म्हणजे हळू असलेलं टायमिंग घेतं, म्हणून मशीन सहावर चालत होतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण हे ५ आणि ६ म्हणजे काय, याच्यात खरी मेख आहे.

हे आकडे ठोक्यांचे आहेत, वेळेचे नाहीत. डीडीआर२ ८०० म्हणजे घड्याळ ४०० मेगाहर्ट्झ, एक ठोका २.५ नॅनोसेकंद. सहा ठोके म्हणजे १५ नॅनोसेकंद, पाच ठोके म्हणजे १२.५. आता स्टिकच्या आतली चिप काही ठोके मोजत नाही, तिला ओळ उघडून त्यातला डेटा बाहेर द्यायला काही ठराविक वेळ लागतो, आणि त्या कमजोर स्टिकवर बनवणाऱ्यानंच लिहून ठेवलंय की मला १५ नॅनोसेकंद द्या. मी वेग ९६० केला, घड्याळ ४८० झालं, आणि टायमिंग तेच सहा राहिलं. ४८० ला सहा ठोके म्हणजे किती? बरोबर १२.५ नॅनोसेकंद. म्हणजे मी एका बाजूनं मेगाहर्ट्झ वाढवत होतो आणि नकळत दुसऱ्या बाजूनं त्या स्टिकची वेळ सहा भागातला एक भाग कापून घेत होतो. चांगली स्टिक तशीपण १२.५ चीच होती, म्हणून ती पास झाली. मला हे कागदावर मांडल्यावर एकदम लख्ख दिसलं आणि मग मी मुद्दाम एक पडताळा घेतला, बस परत २०० वर आणली, रॅम अगदी साध्या ८०० वर आणि टायमिंग हातानं ५-५-५-१५ दिलं. ओव्हरक्लॉक शून्य. कमजोर स्टिक परत त्याच टेस्टला चुकली. वेग वेगळा, ठोके वेगळे, पण वेळ तीच १२.५ आणि चूक पण तीच. ह्याच्यानंतर शंका राहिली नाही.

आता परत बांधणी, आणि या वेळी उलट्या बाजूनं, आधी रॅम आणि बोर्ड, प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

कॅबिनेट उघडून आधी हीटसिंक काढला. फॅनच्या खाली धुळीचा नमदा झाला होता, सांगलीत रस्त्याकडेच्या दुकानात हे होणारच. पेस्ट खडूसारखी वाळलेली. जुनी पेस्ट पुसून नवी लावली, आणि त्या चार पुश पिनांकडं फार लक्ष दिलं, एलजीए ७७५ च्या मूळ कूलरची हीच दुखरी जागा आहे, वरून चारही बसल्यासारख्या वाटतात आणि बोर्डाच्या मागून बघितलं तर एक अर्धीच आत गेलेली असते, मग एका कोपऱ्यात हवा राहते आणि टेम्परेचर दहा-बारा डिग्री चढतं. प्रोसेसरजवळचे कॅपॅसिटर बघितले, डोकी सपाट होती, फुगलेली असती तर मी ओव्हरक्लॉकचं नावच काढलं नसतं. सीआर२०३२ सेल मीटरवर २.७ दाखवत होता, बदलला, कारण सेल बसला की बायोस सगळं विसरतं. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, चार वर्षांचा, लोड देऊन १२ व्होल्टची लाइन बघितली, ११.९ च्या खाली गेली नाही. नॉर्थब्रिजचा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमला जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपचा, तो छोटा हीटसिंक, ज्याला फॅन नसतो, तो हात ठेववत नव्हता एवढा तापायचा, त्याच्यावर एक जुना लहान फॅन केबलटायनं बांधला. दिसायला बरं नाही पण काम करतो.

बायोसमध्ये जायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. कुणीही हे करा, पाच मिनिटं लागतात, आणि डिस्प्ले आला नाही आणि जंपर मारून सगळी सेटिंग पुसायची वेळ आली तर सुरुवातीच्या जागेला परत येता येतं.

बस २६६ ठरवली. २४० का नाही? कारण २००, २६६, ३३३ हे बोर्डाचे ओळखीचे टप्पे आहेत, या चिपसेटला २६६ ची बस म्हणजे १०६६ एफएसबी मुळातच माहीत असते, तिथं रॅमचे सरळ भाग मिळतात, २.५० दिला तर ६६५ आणि ३.०० दिला तर ७९८. म्हणजे बस मूळ वेगापेक्षा ३३ टक्के वर आणि रॅम तरीही तिच्या हक्काच्या ८०० च्या आतच. मी फेब्रुवारीत २४० घेतली आणि मल्टिप्लायरला हात लावला नाही म्हणून रॅम ९६० झाली, आता बस त्याहून जास्त असूनही रॅमवर काडीचं जास्त ओझं नाही. एवढंच करायचं होतं.

सुरुवातीला प्रोसेसरचा मल्टिप्लायर मुद्दाम ६ केला, २६६ गुणिले ६ म्हणजे १५९६, प्रोसेसर मूळ वेगापेक्षाही हळू, आरामात. रॅम २.५० वर, टायमिंग ६-६-६-१८ हातानं, रॅमचं व्होल्टेज परत १.८. पीसीआय एक्सप्रेसची फ्रिक्वेन्सी ऑटोवरून काढून १०० ला बांधली, ही ऑटोवर ठेवली आणि बसबरोबर सरकली तर तिकडूनही त्रास सुरू होतो आणि मग रॅम चुकली का दुसरं काही ते शोधणं अवघड जातं. या अवस्थेत मेमटेस्टला काही चुकलं तर दोष बोर्डाचा किंवा रॅमचा, प्रोसेसरचा असूच शकत नाही. काही चुकलं नाही. मग रॅम ३.०० वर, ७९८, रात्रभर चालवलं. सकाळी आलो तेव्हा सात पास, म्हणजे टेस्टच्या सात फेऱ्या, पूर्ण, एरर शून्य.

मग प्रोसेसर. व्होल्टेज ऑटोवर ठेवायचं नाही, बस वाढली की हे बोर्ड ऑटोमध्ये आपल्या मनानं व्होल्टेज चढवतात आणि ते कधीकधी लागतं त्याहून बरंच जास्त असतं. या चिपचं स्वतःचं ठरलेलं व्होल्टेज कोअर टेम्पमध्ये १.२३७५ दिसत होतं, तेच हातानं दिलं. मल्टिप्लायर ९, १०, ११ असं चढत गेलो, प्रत्येक ठिकाणी प्राइम९५ चा ब्लेंड अर्धा-पाऊण तास, ब्लेंड रॅमलापण कामाला लावतो. १२ वर म्हणजे ३१९२ मेगाहर्ट्झला दीड तासानं एक कोअर चुकला. व्होल्टेज एक पायरी वर, १.२५ केलं, आणि तो आठ तास चालला. १२.५ वर, ३३२५ ला, १.२५ वर लगेच चुकला, १.२६२५ वर वीस मिनिटं, १.२८७५ वर कुठं जाऊन टिकला.

इथं मोह होतो. ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे मूळच्या ३३ टक्के जास्त, कुणालाही सांगायला बरं वाटतं. पण उष्णतेचं गणित असं आहे की ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३१९२ आणि १.२५ ला हिशोब केला तर उष्णता मूळच्या साधारण १.३ पट, ३३२५ आणि १.२८७५ ला ती जवळपास १.४४ पट. वेगात फरक चार टक्के आणि उष्णतेत दहा टक्क्यांच्या वर. दुपारी दोनला माझ्या दुकानात ब्लेंडवर ७३ दिसत होते आणि तेव्हा अजून मार्च होता, ताईंचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, एप्रिल-मेमध्ये सांगलीत चाळीसच्या आसपास जातं आणि तेव्हाच लग्नसराई असते, म्हणजे मशीनवर सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त ऊन एकाच वेळी. मी १२ वर थांबलो. ३१९२, १.२५ व्होल्ट, दुपारी ६४.

फायदा किती झाला तेही सांगतो, नाहीतर हे सगळं कशासाठी. त्यांचा एका पतसंस्थेचा अठ्ठेचाळीस पानी अहवाल, कोरलमधून पीडीएफ करायला आधी ३ मिनिटं ४० सेकंद लागायची, आता २ मिनिटं ५४. फोटोशॉपमध्ये मोठ्या फोटोवर फिल्टर लावला तर साधारण तेवढाच फरक. मशीन चालू व्हायला, फाइल उघडायला काही फरक नाही, कारण तिथं अडतं ते हार्डडिस्कमुळं. त्यासाठी एसएसडी हा उपाय आहे, मी सुचवला पण, फक्त या बोर्डाच्या जुन्या साउथब्रिजला (डिस्क सांभाळणाऱ्या चिपला) एएचसीआय ही डिस्कशी बोलायची नवी पद्धत नाही आणि एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणं, कळत नाही, त्यामुळं पार्टिशन आधी नव्या मशीनवर नीट जुळवून पाडायचं आणि थोडी जागा रिकामी सोडायची. ताई म्हणाल्या लग्नसराई झाली की बघू. रास्त आहे, भर हंगामात कुणी चालू डिस्कला हात लावू नये.

टायमिंग ५-५-५ करून काय मिळतं तेही मी बघितलं, उसनी एक चांगली स्टिक मिळाली होती. दोन्ही १२.५ नॅनोसेकंदाच्या स्टिक लावून तोच अहवाल, २ मिनिटं ५२. दोन सेकंद! एवढ्यासाठी ताईंना जुन्या डीडीआर२ च्या स्टिकचे पैसे घालायला लावणं मला पटलं नाही, त्यांची ६-६-६ वालीच परत लावली. ती स्टिक वाईट नव्हतीच, तिच्यावर लिहिल्याप्रमाणं वागवली की ती अजून सरळ चालतेय.

मशीन द्यायच्या आधी परत तीच व्हिडिओची कॉपी, या वेळी वीस वेळा, एफसी स्लॅश बी, वीसच्या वीस सारख्या. ही चाचणी मला आता मेमटेस्टइतकीच महत्त्वाची वाटते कारण तिच्यात रॅम, बस, डिस्क, विंडोज सगळंच एकदम येतं आणि गिऱ्हाइकासमोर करून दाखवता येते. ताई समोर बसून बघत होत्या, "नो डिफरन्सेस" आलं की त्या एकेक मोजत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. नाव बघून धस्स झालं.

"दादा, स्पीड गेला की ओ, १.६ दाखवालंय!"

त्यांच्या भाच्यानं सीपीयू-झेड उघडून बघितलं होतं. हे स्पीडस्टेपचं काम, मशीन रिकामं बसलं की मल्टिप्लायर आपोआप ६ वर येतो, २६६ गुणिले ६, म्हणजे १५९६. खूप जण ओव्हरक्लॉक करताना स्पीडस्टेप आणि सी१ई ही तसलीच दुसरी वीज वाचवणारी सोय बंद करून टाकतात, मी मुद्दाम चालू ठेवलं कारण डीटीपीचं मशीन दिवसातला अर्धा वेळ गिऱ्हाइकाची प्रूफ बघत नुसतं बसलेलं असतं, तेवढं तरी गार राहू दे. भाच्याला म्हणलं, ते सीपीयू-झेड उघडंच ठेव आणि मागं कोरलमधून पीडीएफ काढायला लाव. दोन सेकंदांनी तिकडून आवाज आला, "आलं आलं, ३१९२."

मे महिन्यात दोनदा दुपारी मुद्दाम जाऊन टेम्परेचर बघून आलो, सगळ्यात जास्त ६९ दिसलं. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, त्यावर बस २६६, मल्टिप्लायर १२, व्होल्टेज १.२५, रॅम ३.००, टायमिंग ६-६-६-१८, रॅमला १.८, पीसीआय एक्सप्रेस १००, आणि खाली तारीख. सेल परत बसला आणि मी गावात नसलो तर दुसऱ्या कुणालाही ते बघून भरता येईल. रॅम ३.०० च्या खाली मी लाल पेननं दोन रेघा मारल्यात.